कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर होलोग्राफी: बारीक कण आणि पेशी नुसत्या बघायच्या नाहीत, मोजायच्या कशा

मायक्रोस्कोपखाली दुधाचा थेंब ठेवला की भरपूर गोल गोल दिसतात, पण त्यातला कुठला चरबीचा, कुठला हवेचा बुडबुडा आणि कुठला स्लाइडवर आधीपासून पडलेला कचरा हे चित्र बघून छातीठोक सांगता येत नाही. आकार मोजायला जावं तर फोकस जरा इकडंतिकडं झाला की कडा पसरते आणि एक मायक्रॉनचा कण दीड मायक्रॉनचा होऊन बसतो. होलोग्राफिक मायक्रोस्कोपी इथे कामाला येते, आणि त्यासाठी लाखोंचं मशीन लागतंच असं नाही, कॉलेजच्या लॅबमधला मायक्रोस्कोप, एक लेझर आणि बरा कॅमेरा एवढ्यावर सुरुवात होते.

तत्त्व थोडक्यात सांगतो. कणावर लेझर पडला की थोडा प्रकाश विखुरतो आणि बाकीचा सरळ पुढे जातो, हे दोन्ही पुढे एकमेकांत मिसळले की गोल गोल रिंगा तयार होतात आणि त्या रिंगांचा फोटो म्हणजेच होलोग्राम. रिंगांमधलं अंतर, त्यांची चमक, मधला भाग काळा का पांढरा, या सगळ्यात कणाचा आकार, त्याचा अपवर्तनांक (त्याच्यात शिरल्यावर प्रकाश किती मंदावतो तो आकडा, इथून पुढे नुसतं इंडेक्स म्हणतो) आणि तो किती खोल आहे हे सगळं दडलेलं असतं. ही कल्पना डेनिस गाबोरची, १९४८ ची, म्हणजे लेझर निघायच्याही आधीची, त्याला खरं तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारायचा होता, १९७१ साली नोबेल मिळालं. कॅमेऱ्यावर होलोग्राम घेऊन कॉम्प्युटरवर उलगडायचं काम १९९४ च्या सुमाराला जर्मनीत श्नार्स आणि युप्टनर यांनी करून दाखवलं आणि २००७ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या डेव्हिड ग्रायरच्या ग्रुपने एकेका कणाच्या रिंगांवर लोरेंझ-मी थिअरी (गोल कण प्रकाश कसा विखुरतो त्याचं गणित) फिट करून, म्हणजे गणितातल्या रिंगा खऱ्या रिंगांशी जुळवून, आकार आणि इंडेक्स एकदम काढले. खाली जे सांगतोय त्यातला कणांचा भाग त्याच पद्धतीचा आहे.

आधी ठरवा, गोल कण का पेशी

हे पहिल्यांदा ठरवलं नाही तर सगळं सामान चुकीचं येतं. गोल कण असतील (प्लास्टिकचे मणी, सिलिका, तेलाचे थेंब, दुधातली चरबी, बुडबुडे) तर इन-लाइन सेटअप पुरे, म्हणजे एकच बीम, आरसे नाहीत, ऑप्टिकल टेबल नाही. पेशी असतील, विशेषतः रक्तातल्या लाल पेशींसारख्या चपट्या, तर गोल कणाचं गणित त्यांना लागू पडत नाही आणि मग फेज (पेशीतून जाताना प्रकाशाची लहर किती मागे पडली ते) मोजणारा ऑफ-अ‍ॅक्सिस सेटअप बरा. माझं मत विचाराल तर पेशींचं काम करायचं असलं तरी आधी मणी मोजा, कारण मण्यांचं उत्तर बाटलीवर छापलेलं असतं, पेशीचं कुठंच छापलेलं नसतं.

सामान

मायक्रोस्कोप ट्रायनॉक्युलर असला तर उत्तम, वरच्या नळीला कॅमेरा लावता येतो. ऑब्जेक्टिव्ह ४० एक्स, एनए (किती रुंद कोनातला प्रकाश गोळा होतो तो आकडा) ०.६५ वाला, तो बहुतेक लॅबमध्ये असतोच, एक मायक्रॉनच्या वरच्या कणांना तो चालतो. लेझर ६५० नॅनोमीटरचा लाल डायोड मॉड्यूल, ५ मिलिवॅटच्या आतला, पुढे कोलिमेट करणारी लेन्स असलेला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, पण त्याला सरळ अ‍ॅडॉप्टर जोडू नका, स्थिर करंट देणारा ड्रायव्हर घ्या नाहीतर चमक सतत वरखाली होत राहते. कॅमेरा मोनोक्रोमच हवा. रंगीत सेन्सरमध्ये लाल प्रकाश फक्त चौथा हिस्सा पिक्सेलना नीट दिसतो आणि बाकीचं सॉफ्टवेअर आपल्या मनाने भरतं, मग त्या रिंगांवर काय विश्वास ठेवणार. ३.४५ मायक्रॉन पिक्सेलचा ग्लोबल शटरवाला इंडस्ट्रियल कॅमेरा आदर्श. मोबाइल आयपीसला चिकटवून हे होत नाही, कारण मोबाइल प्रत्येक फोटोला आपल्या मर्जीने उजळवतो, धार काढतो.

बाकी: स्टेज मायक्रोमीटर (बारीक रेघांची मोजपट्टी कोरलेली स्लाइड), न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (एनडी, प्रकाश नुसता मंद करणारी काच), स्लाइड, ०.१७ मिलिमीटरचे कव्हरस्लिप, डबल साइड टेप, आणि आकार माहीत असलेले पॉलिस्टायरीनचे मणी, २ मायक्रॉनचे घ्या. मण्यांची छोटी बाटली महाग वाटते खरी पण इतकं पातळ करून वापरायचं असतं की वर्षानुवर्षं पुरते.

लेझरच्या लेबलवर ६५० लिहिलंय म्हणून ६५० धरू नका, स्वस्त डायोड दहा नॅनोमीटर इकडंतिकडं असू शकतो आणि ती चूक सरळ आकारात उतरते. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलची १५,००० लाइन्स पर इंचवाली ग्रेटिंग काढा, तिच्या दोन रेघांतलं अंतर १.६९३ मायक्रॉन, ६५० ला पहिली ऑर्डर (मधल्या ठिपक्याच्या लगतचा ठिपका) साधारण २२.६ अंशाला यायला हवी, भिंतीवर लांबून मोजा म्हणजे कोन नीट येतो. लॅबमध्ये हीलियम-निऑन असेल तर हा प्रश्नच नाही, ६३२.८.

लेझर बसवणं

खालचा दिवा आणि कंडेन्सर काढा आणि त्याच जागी लेझर उभा बसवा, वर तोंड करून. इथे एकच गोष्ट ठळक सांगायचीय: लेझर चालू असताना आयपीसमधून अजिबात बघायचं नाही, दोन्ही आयपीस काढून टोप्या लावून टाका, कारण सवयीने डोळा तिकडे जातोच. जे बघायचं ते स्क्रीनवर.

ऑब्जेक्टिव्ह काढून त्या रिकाम्या भोकावर कागद धरा, लाल ठिपका बरोबर मधोमध यायला हवा. मग ऑब्जेक्टिव्ह लावा, वाळलेल्या मण्यांची स्लाइड ठेवा आणि फोकस हळूहळू फिरवत एका मण्याच्या रिंगांकडे बघा. रिंगा जागच्या जागी मोठ्या-लहान होत असतील तर बीम सरळ आहे, पण केंद्र एका बाजूला सरकत असेल तर लेझर तिरका आहे, तो थोडा थोडा हलवून सरळ करा. यात तासभर गेला तरी जाऊ द्या, पुढचं सगळं यावर उभं आहे.

मग स्टेज मायक्रोमीटर. ३.४५ ला ४० ने भागून एक पिक्सेल म्हणजे ०.०८६ मायक्रॉन येतं, पण ते कागदावरचं. कॅमेरा नळीत किती उंचीवर बसलाय, मध्ये कुठला अ‍ॅडॉप्टर आहे, यावर खरं मॅग्निफिकेशन बदलतं. १० मायक्रॉनच्या रेघांचे शक्य तितके भाग एका फोटोत घेऊन एकूण अंतर एकूण पिक्सेलने भागा, आडवं आणि उभं दोन्ही.

कॅमेऱ्याची सेटिंग

ऑटो एक्स्पोजर बंद, ऑटो गेन बंद, गॅमा १, शार्पनिंग शून्य, फाइल टिफ किंवा पीएनजी, जेपीजी नाही म्हणजे नाही. एक्स्पोजर एक मिलिसेकंदाच्या आत ठेवा. १ मायक्रॉनचा मणी पाण्यात ब्राउनियन हालचालीने एका मिलिसेकंदात साधारण ३० नॅनोमीटर सरकतो तेवढं चालतं, पण ५० मिलिसेकंद ठेवले तर दोनशेच्या वर जातो आणि बारीक रिंगा पुसल्या जातात. सगळ्यात उजळ रिंग पांढरीफटक होत नाही ना तेही हिस्टोग्रामवर बघा, होत असेल तर एनडी फिल्टर टाका.

सॅम्पल पातळ करा, अजून पातळ करा

नव्या माणसाला विरळ सॅम्पल बघवत नाही, स्क्रीन रिकामी वाटते म्हणून तो अजून एक थेंब घालतो आणि मग रिंगांवर रिंगा चढून सगळी खिचडी. हिशोब असा: १ टक्का घन असलेल्या २ मायक्रॉन पॉलिस्टायरीनच्या बाटलीत मिलिलिटरला साधारण २३० कोटी मणी असतात. आपल्याला हवेत मिलिलिटरला दहा लाख, म्हणजे दोन हजार पटीच्या आसपास पातळ करायचं. ५ मेगापिक्सेल सेन्सरवर ४० एक्सला साधारण २१० बाय १७५ मायक्रॉनचा भाग दिसतो, द्रवाची जाडी १०० मायक्रॉन धरली तर एका फ्रेममध्ये तीन-चार मणी येतात. एवढेच हवेत.

स्लाइडवर टेपच्या दोन पट्ट्या लावा, वर कव्हरस्लिप, मधल्या फटीत द्रव सोडा, झाला चेंबर, टेपची जाडी साधारण शंभर मायक्रॉन मिळेल अशी निवडा किंवा दोन थर द्या. कडा नेलपॉलिशने बंद करा म्हणजे द्रव वाहत नाही आणि सुकत नाही. २ मायक्रॉनचा पॉलिस्टायरीन मणी सेकंदाला ०.१ मायक्रॉनच्या हिशोबाने खाली बसतो, म्हणजे पाव तासात बहुतेक मणी तळाला, तेव्हा चेंबर भरला की लगेच रेकॉर्डिंग सुरू करा.

फोकस नेमक्या मण्यावर ठेवायचा नाही. नेहमीच्या मायक्रोस्कोपमध्ये प्रकाश खालून वर जातो, त्यामुळे फोकसचं प्रतल मण्याच्या वर, २० ते ५० मायक्रॉनवर हवं, म्हणजे स्टेज तेवढी खाली घ्या. किमान सात-आठ रिंगा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. फोकस चुकून मण्याच्या खाली गेला तरी रिंगा दिसतात आणि प्रोग्राम काहीतरी आकडाही देतो, पण तो आकडा चुकीचा असतो.

बॅकग्राउंड काढणं

लेझर म्हटला की प्रत्येक धुळीच्या कणाची रिंग येते, लेन्सवरची, फिल्टरवरची, सेन्सरच्या काचेवरची. पुसून काही जातात, सगळ्या जात नाहीत. उपाय सोपा आहे, स्टेज सरकवत शंभरेक फ्रेम घ्या आणि प्रत्येक पिक्सेलचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधली येणारी किंमत) काढा, मणी दर फ्रेमला वेगळ्या जागी असतात म्हणून ते गळून पडतात आणि स्थिर धूळ तेवढी उरते. लेझर झाकून एक काळी फ्रेमही घ्या. मग होलोग्राममधून काळी फ्रेम वजा, बॅकग्राउंडमधूनही वजा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. वजाबाकी करून थांबू नका, भागल्यावर रिकाम्या जागेची किंमत १ च्या आसपास यायला हवी, फिटिंगचं गणित तेच गृहीत धरतं.

फिट करणं

पायथनमध्ये दोन मोफत पॅकेज आहेत, हार्वर्डच्या मनोहरन लॅबमधून आलेलं होलोपाय आणि ग्रायरच्या ग्रुपचं पायलोरेंझमी. दोन्हीत काम तेच: मण्याभोवतीचा साधारण २०० बाय २०० पिक्सेलचा चौकोन कापायचा, केंद्र शोधायचं, आणि आडवी-उभी जागा, खोली, त्रिज्या, इंडेक्स या पाच गोष्टी बदलत बदलत गणितातला होलोग्राम खऱ्याशी जुळवायचा.

सुरुवातीचा अंदाज बरा दिला नाही तर फिट भलत्याच ठिकाणी जाऊन अडकतं. खोलीसाठी होलोग्राम कॉम्प्युटरवर मागे न्या (अँग्युलर स्पेक्ट्रम पद्धत, फूरिये घ्या म्हणजे चित्र लहरींमध्ये मोडा, प्रसाराच्या फेजने गुणा, उलटा फूरिये, दहा ओळींचा कोड आहे), जिथे ठिपका सगळ्यात टोकदार होतो तो तुमचा झेडचा अंदाज. त्रिज्येसाठी बाटलीवरचा आकडा. इंडेक्ससाठी पॉलिस्टायरीन १.५९, सिलिका १.४४, तेल-चरबी १.४६, आणि बुडबुड्याची शंका असेल तर १.० पासून सुरू करा, पाण्याच्या वरून सुरू केलेलं फिट बुडबुड्यापर्यंत सहसा पोचत नाही.

पाण्याचा इंडेक्स मात्र तुम्ही बाहेरून देताय, तो प्रोग्रामला शोधायला लावू नका. ६५० नॅनोमीटर आणि २५ अंशाला तो १.३३१ च्या आसपास असतो, तापमान अंशाने वाढलं की साधारण एक दहाहजारांशाने कमी होतो. मे महिन्यातल्या दुपारी बिनएसीची लॅब आणि जानेवारीतली सकाळ यात १५ अंशाचा फरक सहज, म्हणजे तिसऱ्या दशांशात दीडचा फरक, आणि या पद्धतीची बढाईच तिसऱ्या दशांशाची आहे. तेव्हा थर्मामीटर स्टेजजवळ ठेवा आणि बफरमध्ये, म्हणजे कण ज्या द्रवात आहेत त्यात, साखर, मीठ, ग्लिसरॉल काही असेल तर रिफ्रॅक्टोमीटरवर आधी मोजून घ्या.

आता पन्नास-शंभर मणी फिट करून आडव्या अक्षावर त्रिज्या आणि उभ्या अक्षावर इंडेक्स असा ग्राफ काढा. १.५८ ते १.५९ च्या आसपास घट्ट पुंजका आणि त्रिज्या बाटलीशी जुळणारी आली तर सेटअप पास. त्रिज्या सगळ्यांची सारखीच दोन-तीन टक्के चुकतेय तर पिक्सेलचं माप किंवा लेझरची वेव्हलेंथ तपासा. पुंजका तिरका लांबट आलाय, म्हणजे त्रिज्या वाढते तसा इंडेक्स घटतो, तर बहुधा रिंगा कमी पडल्यात, फोकस अजून वर न्या. आकाराचा आणखी एक स्वतंत्र पडताळा फुकट मिळतो: तोच मणी फ्रेममागून फ्रेम ट्रॅक करून त्याच्या भटकण्यावरून डिफ्यूजन (तो किती झपाट्याने पसरतो तो आकडा) काढा, भिंतीपासून लांब असलेल्या २ मायक्रॉनच्या मण्याला २० अंशाला सेकंदाला ०.२१ चौरस मायक्रॉन यायला हवं, यात इंडेक्सचा काही संबंधच नसतो.

आता दूध

५० मायक्रोलिटर, म्हणजे साधारण एक थेंब, अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात. गाई-म्हशीचं सुटं दूध आणि पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलेलं दूध शेजारी शेजारी करून बघा. सुट्या दुधात काही मायक्रॉनचे गोळे भरपूर मिळतात, म्हशीचे सरासरीने गाईपेक्षा मोठे, होमोजिनाइज्डमध्ये बहुतेक एक मायक्रॉनच्या खाली गेलेले असतात आणि तिथे ४० एक्सची दमछाक होते, १०० एक्स ऑइल लावा. दोन्हीकडे इंडेक्स १.४६ च्या आसपासच येतो कारण चरबी तीच, बदलला तो आकार.

मग त्याच पाण्यात थोडे पॉलिस्टायरीनचे मणी मिसळा. ग्राफवर दोन पुंजके वेगळे, एक १.४६ ला आणि एक १.५९ ला. डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगच्या मशीनला हे जमत नाही, ते सगळ्या गर्दीचा मिळून आकार सांगतं, कोण कशाचं बनलंय ते नाही. इंजेक्शनच्या औषधात हाच फरक महत्त्वाचा ठरतो, सिरिंजमधून आलेला सिलिकॉन तेलाचा थेंब १.४० च्या आसपास बसतो आणि प्रोटीनचा गोळा, आत पाणी असल्यामुळे, त्याच्या बराच खाली. पहिला निरुपद्रवी असू शकतो, दुसरा औषध बिघडल्याची खूण.

पेशी: इथे फेज लागते

सुरुवात बेकरीच्या यीस्टने करा, पाच ते दहा मायक्रॉनच्या जवळजवळ गोल पेशी, कसला धोका नाही. कळी न फुटलेल्या एकेकट्या पेशीला गोल कणाचं फिटसुद्धा ढोबळमानाने चालतं.

लाल रक्तपेशींना नाही चालत. त्यांच्यासाठी ऑफ-अ‍ॅक्सिस, म्हणजे दुसरा स्वच्छ बीम थोड्या कोनात आणून पेशीच्या बीमवर टाकायचा, सरळ रेषांचे पट्टे येतात आणि पेशी असेल तिथे ते वाकतात. दोन वेगळ्या वाटांचा सेटअप टेबल हललं की हलतो, त्यापेक्षा लॅटरल शिअरिंग करा, वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या अरुण आनंद आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे पेशींवर करून दाखवलंय. ऑब्जेक्टिव्हनंतर ४५ अंशात काचेची जाड सपाट प्लेट, तिच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतलेले दोन बीम एकमेकांवर किंचित सरकून पडतात, एकाचा रिकामा भाग दुसऱ्याचा रेफरन्स. ५ मिलिमीटरच्या प्लेटने कॅमेऱ्याजवळ ३.८ मिलिमीटर सरकतं, ४० एक्सला सॅम्पलवर ते ९५ मायक्रॉन झालं. प्रत्येक पेशी दोनदा दिसते, एकदा उंचवटा आणि एकदा खड्डा, म्हणून इथेही सॅम्पल विरळ हवं. दोन बीमच्या वाटेत १३ मिलिमीटरचा फरक पडतो, स्वस्त डायोड इतका टिकेलच असं नाही, हीलियम-निऑन लावा. लाल प्रकाश तसाही बरा, हिमोग्लोबिन निळा प्रकाश फार शोषतं, लाल कमी.

उलगडायचं असं: फोटोचा फूरिये घ्या, मधला मोठा ठिपका आणि दोन बाजूंना दोन ठिपके दिसतील, एका बाजूचा कापून मधोमध आणा, उलटा फूरिये घ्या, त्याचा कोन म्हणजे फेज. पट्टे तीन-चार पिक्सेलला एक इतके दाट ठेवा नाहीतर बाजूचे ठिपके मधल्यात घुसतात. रिकाम्या जागेची फेज वजा करा, फेज २π (दोन पाय) झाली की परत शून्यावर येते, त्या उड्या अनरॅपिंगने काढा, पायथनच्या स्किटइमेज पॅकेजमध्ये तयार फंक्शन आहे.

मिळालेली फेज ठरते ती जाडी गुणिले पेशी-बफरच्या इंडेक्समधला फरक यावरून. क्षेत्रफळ सांगितलं म्हणून लांबी आणि रुंदी वेगवेगळी कळत नाही, तसंच हे. लोक इंडेक्सचा फरक ०.०६ धरून जाडीचे रंगीत त्रिमित नकाशे काढतात, फरक खरा ०.०६५ असला की जाडी आठ टक्के चुकली, नकाशा मात्र तितकाच सुंदर दिसतो. त्यापेक्षा ड्राय मास (पाणी सोडून पेशीतल्या बाकी पदार्थाचं वजन) काढा, त्यात हे गृहीत धरावं लागत नाही. फेजला वेव्हलेंथने गुणून २π ने भागा, पेशीच्या क्षेत्रफळावर बेरीज करा, ०.२ ने भागा, उत्तर पिकोग्रॅममध्ये (हा ०.२ म्हणजे प्रोटीनमुळे इंडेक्स किती वाढतो तो आकडा, पिकोग्रॅममागे घन मायक्रॉनमध्ये, हिमोग्लोबिनला ०.१९ ते ०.२). उदाहरणार्थ ४५ चौरस मायक्रॉनच्या पेशीत सरासरी फेज १.३२ रेडियन आली, ६३२.८ ला तो ०.१३३ मायक्रॉन पथफरक, गुणिले ४५ म्हणजे ६, भागिले ०.२ म्हणजे ३० पिकोग्रॅम. रक्ताच्या रिपोर्टवर एमसीएच (एका लाल पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) म्हणून जो २७ ते ३२ चा आकडा असतो तो हाच, त्याच रक्ताच्या रिपोर्टशी शंभरेक पेशींची सरासरी ताडून बघा.

जाडी हवीच असेल तर तीच पेशी दोन वेगवेगळ्या इंडेक्सच्या पण सारख्या ऑस्मोलॅरिटीच्या (विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाच्या) बफरमध्ये मोजा, दोन समीकरणं, दोन अज्ञात. ऑस्मोलॅरिटी बदलली तर पेशी फुगते किंवा आक्रसते आणि मापलेलं सगळं वाया. रक्त प्रशिक्षित माणसाकडूनच काढून घ्या, ग्लोव्हज, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, आणि कोणाच्या रक्तावरून आजाराचं निदान सांगायच्या भानगडीत पडू नका.

रेकॉर्ड ठेवताना प्रत्येक आकड्याशेजारी वेव्हलेंथ, तापमान, बफरचा इंडेक्स आणि पिक्सेलचं माप लिहा, कच्च्या फ्रेम आणि काळी फ्रेम जपून ठेवा, आणि दर दिवशी सॅम्पलच्या आधी एक चेंबर मण्यांचा चालवा. त्या दिवशी मणी १.५९ ला बसले नाहीत तर त्या दिवसाचं दूध आणि पेशीही वहीत धरायच्या नाहीत.